मामीच्या कॉम्प्युटरमधला घरजावई

माझ्या मामाने उभं आयुष्य चष्म्याच्या काचा घासण्यात घालवलं. दुकानाच्या मागच्या खोलीत, मशीनवर वाकलेला, बोटांच्या पेरांना कायमची पांढरी पूड. काच घासायची, उजेडात धरायची, पुन्हा घासायची. 'चालेल, असू दे' हे शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकले नाहीत. निम्मं गाव त्याच्या काचांतून वाचायचं, आणि तो निवृत्त झाला तेव्हा नेमके मामीचेच डोळे अधू व्हायला लागले.

डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा मधोमध झिजतोय. कडेकडेचं दिसत राहील, मधलं हळूहळू जाईल, आणि याला चष्मा नाही. मामाने शांतपणे ऐकून घेतलं, घरी आला आणि तरीही एक जाड काच घासायला बसला. मग दुसरी, आणखी जाड. मामीने प्रत्येक काच इमानाने डोळ्याला लावून पाहिली. शेवटी म्हणाली, "अहो, काचेत खोट नाही. बघणारीत आहे. आता पुरे करा."

मामी एका साप्ताहिकासाठी शब्दकोडी रचते. ती माझ्या लहानपणापासून रचते आहे, त्यामुळे आमच्या घरात कुठलंही साधं वाक्य साधं राहत नाही. एकदा मी जेवायला बसले असताना तिने विचारलं, "तीन अक्षरं. आला की आनंद, राहिला की संकट." मी घास तोंडात तसाच धरून विचार करत राहिले. "पाहुणा," ती म्हणाली, "तू नव्हेस, तू जेव." तर असं हे काम डोळ्यांपायी सोडायची तिची तयारी नव्हती. म्हणून मामाने तिच्या कॉम्प्युटरवर बोलणारा प्रोग्राम घातला. पडद्यावर जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्याने वाचून दाखवतो, टाइप केलेलं अक्षरही बोलून दाखवतो.

पहिला प्रोग्राम पुरुषी आवाजाचा होता. आवाज भारदस्त, पण मराठी कच्चं. जाळ्यातला 'ज' आणि जन्मातला 'ज' त्याला सारखेच. 'जरा थांबा' हे तो असं म्हणायचा की 'जरा' म्हणजे थोडं न वाटता वार्धक्य वाटावं. मामी म्हणायची, "हा म्हातारपणाला थांबायला सांगतोय. थांबलं तर बरंच होईल." मग तिने त्याला शिकवायला घेतलं. शब्द लिहायचा, पुढे त्याचा उच्चार लिहायचा, पुन्हा ऐकायचा. चूल, चाक, चोर, जाळं, जरा. अख्खी थंडी तिने त्यात घालवली. मार्चपर्यंत तो आवाज आमच्यातल्या काहींपेक्षा बरं मराठी बोलायला लागला.

आणि मग त्याची मुदत संपली. तो प्रोग्राम काही महिने चालवून बघण्यापुरताच होता. डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाईंनी दुसरा सुचवला, मुदतीची कटकट नसलेला, बाईच्या आवाजाचा. मामाने पहिला रीतसर काढला. कॉम्प्युटरने विचारलं, नक्की काढायचा का? मामाने हो म्हटलं. कॉम्प्युटर म्हणाला, काढला. मग मामाने दुसरा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामीने कॉम्प्युटर लावला तर दोघंही बोलायला लागले. ती बाई 'आडवे शब्द' म्हणेपर्यंत हा गडी 'आडवे शब्द' म्हणून पुढच्या ओळीवर गेलेला. मधेच तो "आपली मुदत संपली आहे" असं बजावायचा आणि पुन्हा वाचायला लागायचा.

मी त्या दिवसांत त्यांच्याकडेच राहायला होते. मामी दोन्ही हात मांडीवर ठेवून ऐकत बसली होती.

"हा गेला होता ना?" तिने विचारलं.

"गेला," मामा म्हणाला. "यादीत नाव नाही त्याचं."

"नाव नाही, पण तोंड आहे. घरजावई आहे हा. बोळवण केली तरी माजघरात बसलेला."

मामा दुरुस्तीच्या दुकानात गेला. तिथल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं की हे नेहमीचंच आहे. प्रोग्राम काढला तरी त्याच्या फाइली कोपऱ्याकोपऱ्यात राहतात, आणि कॉम्प्युटरच्या आठवणीतही त्याच्या खुणा राहतात. हे मागे उरलेलं झाडून काढायला वेगळे अनइन्स्टॉलर मिळतात, चिकार मिळतात. त्यातला चांगला कोणता, असं मामाने विचारल्यावर तो म्हणाला, "काका, कुठलाही घ्या."

'कुठलाही घ्या' हे मामाला सहन होण्यासारखं नव्हतं. माणसाच्या डोळ्याला कुठलीही काच लावतात का? त्याने त्याच दुकानातून एक टाकाऊ कॉम्प्युटर मागून आणला. डबा पिवळा पडलेला, पंखा घरघरणारा. तो जेवणाच्या टेबलावर मांडला. मामीचा कॉम्प्युटर निरोगी राहावा म्हणून सगळे प्रयोग या म्हाताऱ्यावर करायचे असं ठरलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

मामाची पद्धत सरळ होती. म्हाताऱ्यावर आधी पहिला बोलका प्रोग्राम घालायचा, मग एकेक अनइन्स्टॉलर वापरून तो काढायचा, मग काय उरलं ते पाहायचं. पहिला अनइन्स्टॉलर अगदी गोड निघाला. हिरवी खूण, 'सर्व स्वच्छ झाले', अभिनंदन. मामाने कॉम्प्युटर बंद करून परत लावला आणि भारदस्त आवाज म्हणाला, "नमस्कार."

"तोंडदेखलं झाडलंय," मामी आतून म्हणाली. "दिसतं तेवढंच."

दुसरा त्याच्या उलट. त्याने सुरुवातच आरडाओरडा करून केली. कॉम्प्युटर धोक्यात आहे, शेकडो ठिकाणी घाण आहे, लाल अक्षरं, भोंगा. मामाने त्याला मोकळं सोडलं. त्याने आवाज काढला खरा, पण सगळ्यांचाच काढला. म्हाताऱ्यातून त्यानंतर टिकटिकसुद्धा येईना. शिवाय जाताना आपल्या दोन भाऊबंदांना, म्हणजे न मागितलेल्या दोन प्रोग्रामांना तिथे बसवून गेला. मामा बराच वेळ त्या मुक्या पेटीकडे पाहत राहिला. हे मामीच्या कॉम्प्युटरवर झालं असतं तर, हा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"काय झालं हो?" मामीने विचारलं.

"काही नाही. वाचलो," मामा म्हणाला.

मग तिसरा, चौथा. एक काढायला सांगितलेलं सोडून भलतंच काढायला निघायचा. अखेर एक मिळाला, अगदी कमी बोलणारा. तो आधी प्रोग्राम काढायचा, मग मागे काय राहिलं त्याची यादी समोर ठेवायचा आणि थांबायचा. ज्यावर खूण करू तेवढंच काढायचा, आणि काढण्याआधी सगळ्याची एक प्रत बाजूला ठेवायचा. मामाने तो म्हाताऱ्यावर पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. काच उजेडात धरावी तसा. मग म्हणाला, "हा माणसात आहे."

मामी शेजारणीबरोबर फिरायला गेली असताना त्याने तो तिच्या कॉम्प्युटरवर चालवला. यादी लांबलचक आली. सगळी नावं त्या भारदस्त आवाजाच्या कंपनीची. मामाने यादीवर नजर टाकली, सगळ्यांवर खूण केली आणि उडवलं. कॉम्प्युटर पुन्हा लावला. एकटी बाई बोलली.

मामी आल्यावर त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला, बक्षीस समारंभाला उभं राहतात तसा. मामीने ऐकलं. खूश झाली. कोडं उघडलं, दोन ओळी ऐकल्या, आणि तिची बोटं थांबली. बाई 'चूल' म्हणाली ती चुलीसारखी नव्हती. 'जरा' पुन्हा म्हातारी झाली होती.

"हिला शिकवायला हवं," मामी म्हणाली. "हरकत नाही. माझे शब्द आहेतच की त्या पहिल्याकडे, ते हिला देऊ."

मी त्याच्याकडे पाहिलं तर तो खिशातला रुमाल काढून कोरडा चष्मा पुसत होता.

"अहो?"

"ते मी काढून टाकले," मामा म्हणाला. "यादीत होते. मला वाटलं, सगळं त्याचंच. तुला विचारलं नाही."

मामी रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खिडकीकडे वळली आणि म्हणाली, "थंडीभर बसले होते हो मी."

त्या दिवशी मी चहा केला आणि तो तिघांनीही गार करून प्यायला. प्रत बाजूला ठेवलेली आहे हे मामाला आठवत होतं, पण ती परत आणायची तर तो घरजावई सगळ्या सामानासकट परत येणार. शेवटी त्यानेच ते सांगितलं. मामी म्हणाली, "येऊ दे. यावेळी सामान दोघं मिळून तपासू."

प्रत परत आणली. आवाज आला, "नमस्कार. आपली मुदत संपली आहे." मामी हसली. त्या दिवसातलं पहिलं हसू.

मग दोघं बसली. मामाने आपली खुर्ची तिच्या समोरून उचलून डाव्या अंगाला नेली, कारण त्या कडेने तिला तो अजून दिसायचा. त्याने एकेक नाव अक्षर अक्षर करून वाचायचं आणि तिने अर्थ लावायचा. फाइलींची नावं म्हणजे तुटलेले इंग्रजी शब्द, स्वर गिळलेले. माझ्या डोक्यावरून गेली, पण मामी मन लावून ऐकत होती. आयुष्यभर अर्ध्या भरलेल्या चौकोनांकडे पाहिलेली बाई ती.

"पुढे वाचा."

"एस, टी, आर, टी."

"स्टार्ट. हा सकाळी उठून बोलायला लागतो तो भाग. ही फाइल जाऊ दे, आधी हीच जाऊ दे."

"व्ही, सी, मग एम."

"व्हॉइस, मेल, म्हणजे पुरुषाचा आवाज. याचा गळा. काढा."

"यू, एस, आर. मग एल, ई, एक्स."

मामी थांबली. "यूएसआर म्हणजे यूजर. म्हणजे मी. एलईएक्स म्हणजे लेक्सिकन, कोश." तिने हात पुढे केला आणि चाचपडत मामाचं मनगट धरलं. "हे माझं आहे. याला हात लावू नका."

मामाने ती फाइल उघडली. सगळे शब्द होते. एका ओळीत शब्द आणि पुढे उच्चार, तिने घातले तसे. आवाजाच्या नव्या बाईला असा कोश देता येतो हे त्याला माहितीपत्रकात सापडलं. थोडी काटछाट करावी लागली, खुणा बदलाव्या लागल्या, त्यात बरेच दिवस गेले. रोज दुपारी दोघं तेच करायची. कुणाचा आवाज कधी चढला तर मी आत जायचे नाही. कोश नीट बसल्यावर उरलेलं सगळं काढलं, आणि तो भारदस्त आवाज कायमचा गेला. मामीला त्याची थोडी आठवण येते असं ती म्हणते. "शिकलेला होता," म्हणते.

या सगळ्याचा बभ्रा झाला. आता वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षिकेपासून कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत सगळे आपापले अडगळीने भरलेले कॉम्प्युटर घेऊन मामाकडे येतात. मामा प्रत्येकाला शेजारी बसवून यादी वाचून दाखवतो. माणसं कंटाळतात, म्हणतात, काका, उडवा ना सगळं. मामा ऐकत नाही.

गेल्या रविवारी मी गेले तेव्हा शिक्षिकाबाई बसल्या होत्या. त्यांच्या लॅपटॉपमध्ये विकून टाकलेल्या प्रिंटरचा प्रोग्राम ठाण मांडून बसला होता.

"हे 'स्कॅन' नावाचं फोल्डर तुमचं की त्याचं?" मामाने विचारलं.

"त्याचंच असेल."

"असेल नको. उघडून बघू."

उघडलं तर त्यांच्या नातवंडांची चित्रं निघाली, कधीतरी स्कॅन करून विसरलेली. बाई चष्मा वर करून एकेक पाहत बसल्या. मामाने चहा टाकायला मला खुणावलं. आतल्या खोलीत मामी नव्या कोड्याची उभी ओळ ऐकत होती, आणि तिची ती बाई 'जरा' हा शब्द अगदी थोड्या वेळाइतका म्हणाली.