घरचा माणूस नापास

कुळगावात कराटे आणलं ते हरिचंद्र सरांनी, आणि पहिल्याच वर्षी जवळजवळ अख्ख्या गावाला नापास केलं तेही त्यांनीच.

हे साल त्र्याऐंशीचं. अंबरनाथच्या कारखान्यात पाळी करून उरलेल्या वेळात सर मुंबईला जाऊन शिकले, काळा पट्टा बांधून परतले आणि देवळापुढच्या पटांगणात वर्ग उघडला. गणवेश शिवायला उल्हासनगरच्या एका सिंधी शिंप्याला दिले. त्याने प्रत्येक अंगरख्याला दोन-दोन खिसे लावले. "बिना जेब का कुर्ता कौन पहनेगा, साईं?" असा त्याचा सवाल. पहिली तुकडी खिशात चणे-फुटाणे घेऊन लढली.

सरांना आयुष्यात भीती एकाच गोष्टीची. कुणी आपल्याला वशिलेबाज म्हणू नये. म्हणून त्यांनी नियम केला, नात्यातला माणूस परीक्षेला बसला की त्याला दुप्पट कडक तपासायचं. आता कुळगावात असा नियम करणं हा निव्वळ अडाणीपणा होता. तिथे जो समोर येईल तो भाचा, नाहीतर चुलत साडूचा मुलगा. पहिल्या परीक्षेला बावीस जण बसले, एकवीस नापास झाले. पास झाला तो एकटा शशिकांत, कारखान्यातल्या साहेबाचा मुलगा, कारण भाड्याने राहायला आलेल्या त्या कुटुंबाचं गावात कुणाशीच नातं नव्हतं. सरांची सख्खी बहीण पुढची दोन वर्षं भाऊबीजेला फिरकली नाही.

तरी माणसं सरांना सोडून गेली नाहीत, कारण नापास केलेल्याच्या घरीही ते हाकेसरशी धावत. नदीचं पाणी घरात शिरलं तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांना सरांच्या पोरांनी पाठीवर घेऊन बाहेर काढलं. सर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते, "गुडघे वाकवा, पाठ ताठ." चिखलोलीच्या शाळेत मुलींना त्यांनी अठरा वर्षं फुकट शिकवलं. त्यातलीच प्राची आज बँकेत अधिकारी आहे आणि रविवारी सरांचा वर्ग सांभाळते. सरांचा स्वतःचा मुलगा अल्पेश मात्र काळ्या पट्ट्याच्या परीक्षेत सहा वेळा नापास झाला. तो आता जमिनीचे व्यवहार करतो आणि त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली 'ब्राऊन बेल्ट' असं छापलेलं आहे. सातव्यांदा बसायची त्याची छाती झाली नाही.

अशा या सरांच्या हातात, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, प्राचीने एक अर्ज ठेवला. परीक्षा काळ्या पट्ट्याची. बाहेर शिकून आलेल्यांना थेट बसायची सोय सरांनीच ठेवली होती. अर्जदाराचं नाव वेणू हरिचंद्र, वय बासष्ट.

सर तडक घरी गेले. बायको भाजी निवडत होती.

"वेणू, हा काय चाललाय?"

"सोमवारी माझा गुडघा बदलायचाय. डाक्टर बोलला, नंतर उड्याबिड्या बंद. मंग रविवारीच बसते."

"तू शिकलीस कुठं?"

"परीक्षेत शिक्षकाचं नाव इचारतात काय?"

विचारत नसत. सर रात्रभर कूस बदलत राहिले. पास करावं, तर चाळीस वर्षांतले नापास भाचे दारात उभे राहणार. नापास करावं, तर तिला पुन्हा संधी नाही. सोमवारनंतर हे दार कायमचं बंद होणार होतं. नियमाची एवढी चीड त्यांना कधीच आली नव्हती.

रविवारी पटांगणात जत्रा भरली. सगळे जुने नापास तासभर आधी येऊन पुढच्या खुर्च्या धरून बसले होते. अल्पेशने तर मोबाइल स्टँडवर लावला होता. वेणूबाई पांढऱ्या गणवेशात लंगडत आल्या, वाकून नमस्कार केला आणि काता सुरू केला. काता म्हणजे पावलांचा आणि फटक्यांचा एकट्याने करायचा ठरलेला क्रम. पहिल्या फटक्याला खुर्च्यांमधली कुजबुज थांबली. हात सुटत होते ते थेट सरांच्या तरुणपणीसारखे.

पण सगळं उलटं होतं. डावीकडे वळायचं तिथे उजवीकडे, उजवा पाय टाकायचा तिथे डावा. सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकही पाऊल बरोबर नाही आणि एकही पाऊल डळमळीत नाही.

"उजव्याचा डावा केलास तू," सर म्हणाले. "अख्खा."

"मना तुमी दिसलात तसा केला," वेणूबाई धापा टाकत म्हणाल्या. "सकाळी आंगनात तुमी सैपाकघराच्या खिडकीकडं तोंड करून करता ना. काचेत स्वतःला बघता. त्या काचेच्या मागं मी उभी असायची."

चाळीस वर्षं रोज पहाटे सरांनी त्या काचेत आपला पवित्रा न्याहाळला होता. काचेपलीकडे कुणी आहे, हे एकदाही दिसलं नव्हतं. मोठी लाज वाटली त्यांना.

"पुन्हा कर," ते म्हणाले. "मी पुढे उभा राहतो, पाठ करून. माझ्या मागे मागे ये."

"पाठ नको. समोर तोंड करून उभे राव्हा, मना तशीच सवय हाय. उलटा तुमी करा."

म्हणजे ती सुलट येईल. हिशेब बिनचूक होता. सर तिच्यासमोर उभे राहिले आणि जन्मभर घोटलेला काता उलटा करू लागले. तिसऱ्याच वळणाला गोंधळले. पाचव्याला पायात पाय अडकला. पुढच्या खुर्च्या पोट धरून हसल्या. चाळीस वर्षांचं उट्टं निघत होतं. वेणूबाईंचं मात्र सरांच्या पायांकडे नीट लक्ष होतं. ते चुकले तिथे त्या क्षणभर थांबत, ते सावरले की पुढचं पाऊल टाकत. त्यांचा काता तंतोतंत सुलटा आला.

"सर, तुमच्या अकरा चुका," प्राचीने कागद बघून सांगितलं. "काकूंची एकही नाही."

"दुप्पट कडक मोजल्यास?"

"दुप्पट कडक."

सरांनी पट्टा आणला आणि बायकोच्या कमरेला बांधला. आता रिवाजाने शिष्याने आधी गुडघे टेकून वाकायचं, मग गुरूने. वेणूबाईंचा गुडघा वाकेना. तेव्हा सर खाली बसले आणि सगळ्या गावासमोर त्यांनीच आधी जमिनीला डोकं टेकलं.

बराच वेळ झाला तरी ते वर आले नाहीत. लोकांना वाटलं, भारावलेत. वेणूबाईंनी ओळखलं, कंबर धरली होती. त्यांनी हात पुढे केला.

"उठा," त्या हळूच म्हणाल्या. "गुडघे वाकवा, पाठ ताठ. आता मी बघतेय."