आधीच्या नावाचा पुरावा

कुकरची दुसरी शिट्टी झाली, मी गॅस बारीक केला आणि रोजच्यासारखी कॉम्प्युटरपुढे बसले. माझ्या ब्लॉगच्या जागी एक करडी चौकट होती. तुमचं अकाउंट स्थगित केलं आहे, अकाउंटवरचं नाव खरं वाटत नाही, खरं असेल तर तीस दिवसांत त्या नावाचं ओळखपत्र पाठवा. नाहीतर सगळं लिखाण कायमचं पुसलं जाईल, असं त्यात लिहिलं होतं.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खरं वाटत नाही म्हणजे काय? वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव होतं ते, बारशाला गावभर घुगऱ्या वाटून ठेवलेलं. मी तशीच उठले, कपाटातून कागदांची फाइल काढली आणि एकेक ओळखपत्र बघत गेले. मतदार कार्ड, पासपोर्ट, रेशनकार्ड, सरकारी दवाखान्याचं कार्ड. शेवटच्या कागदापर्यंत पोचले तेव्हा माझा राग कुठल्या कुठे पळाला होता. त्या नावाचा एकही कागद माझ्याकडे नव्हता.

तर झालं होतं असं. माझं लग्न झालं तेव्हा देश नुकता कुठे खुला होऊ लागला होता, दुकानांत नवनवं सामान येत होतं, पण सासरची रीत जुनीच होती. लक्ष्मीपूजनाला तांदूळ पसरलेलं ताट पुढे आलं, सासूबाईंनी ठरवलेलं नाव नवऱ्याने अंगठीने त्या तांदळात लिहिलं, पेढे वाटले गेले आणि मी दुसरीच कुणीतरी झाले. मला कुणी विचारलं नाही. पुढे एकदा धीर करून मीच सासूबाईंना विचारलं, की माझ्या नावात वाईट काय होतं हो? वाईट काही नव्हतं, आमच्यात बदलतात, असं म्हणून त्या भाजी निवडायला लागल्या. त्या ताटातल्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खीर झाली होती. मी ती वाटीभर खाल्ली, हे मला अजून लागतं.

नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, त्यामुळे संसार दिल्लीत. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आम्ही आलो आणि नव्या नावाने माझे कागद होत गेले. नवऱ्याचं ऑफिसातलं कामच मुळी लोकांचे कागद तपासण्याचं. घरातला एकही कागद तो अर्धवट राहू देईना. जुन्या नावाचा फक्त शाळा सोडल्याचा दाखला होता. तो लाकडी कपाटाच्या तळाशी पडून राहिला आणि त्या क्वार्टरच्या वाळवीने तो कधी खाल्ला ते आम्हाला घर सोडताना कळलं. तेव्हा मला काही वाटलं नाही. वाटायला वेळही नव्हता, कारण आम्ही नव्या घरात चाललो होतो.

आणि काय घर होतं ते! यमुनेपलीकडे, इंदिरापुरमला. पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा चहूकडे फ्लॉवरची शेतं आणि मधेच बारा मजली इमारत उभी. मान दुखेपर्यंत मी वर बघत राहिले. आपण यातल्या सातव्या मजल्यावर चहा करणार, हे मला खरंच वाटेना. दोन वर्षांत शेतं गेली, दुकानं आली, चकचकीत मॉल आला. सासूबाई मात्र लिफ्टमध्ये शिरताना कायम चपला काढून हातात घ्यायच्या. आम्ही हसायचो. त्या म्हणायच्या, आपल्याला उचलून वर नेतंय, त्याला पाय कसे लावायचे? खरं सांगते, पहिले काही महिने माझ्याही मनात तेच यायचं, फक्त मी बोलत नव्हते.

मुलगी कॉलेजात गेली आणि घरात इंटरनेट आलं. मी वहीत काहीबाही लिहीत असे ते तिला माहीत होतं. तिने मला ब्लॉग काढून दिला आणि विचारलं, नाव काय टाकू? माझ्या तोंडून जुनं नाव निघालं, माहेरच्या आडनावासकट. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. "आई, ये कौन है?" दिल्लीत वाढलेली पोर ती, दचकली की हिंदीच बोलायची. मी म्हटलं, मीच.

मग मी सुटलेच. गावचा ओढा, आमची शाळा, दिल्लीतल्या मराठी घरांमधली लोणची आणि भांडणं, जे सुचेल ते. वाचणारे जमले. कुणी अमेरिकेतलं, कुणी इथेच खोली घेऊन सरकारी परीक्षांचा अभ्यास करणारी लातूर-बीडकडची मुलं. सगळी मला त्या नावाने हाक मारायची. वीस वर्षं कुणी न उच्चारलेलं नाव सकाळी स्क्रीनवर दिसलं की माझ्या अंगावर काटा यायचा. हे यंत्र आहे की काय आहे, असं वाटायचं.

पण खरी गोष्ट माझ्या वडिलांची. ते गावाकडचे निवृत्त मास्तर. आई माझी लवकर गेली, मी एकुलती एक. सत्तरी उलटल्यावर ते मराठी टाइप करायला शिकले, केवळ माझ्या लेखाखाली दोन ओळी लिहिता याव्यात म्हणून. लग्नानंतर फोनवर ते मला नेहमी सासरच्या नावाने बोलवायचे. सासरच्यांचा मान राखायचा, अशी त्यांची समजूत. आम्ही दोघंच बोलत असलो तरी तसंच. मात्र लेखाखाली ते माझं नाव लिहायचे, पुढे स्वल्पविराम आणि मग: वाचलं. तो ओढा नव्हे, ओहळ म्हणायचो आपण. किंवा: वाचलं, तुझी आई असती तर हसली असती. पाच वर्षं, प्रत्येक लेखाखाली. एकही चुकला नाही. करडी चौकट आली त्याच्या आदल्या वर्षी ते गेले. त्या ओळी मी कुठे उतरवून ठेवल्या नव्हत्या. त्या तिथेच राहणार, असं धरून चालले होते मूर्खासारखी. लेख गेले असते तर मी पुन्हा लिहिले असते. वडिलांची हाक पुन्हा कुठून आणणार होते मी?

कंपनीला मी तीन पत्रं लिहिली. पहिलं रागाचं, दुसरं समजुतीचं, तिसरं अगदी गयावया करून. तिन्ही वेळा तेच उत्तर, एक शब्दही इकडचा तिकडे नाही. समोर भांडायला माणूसच नाही म्हटल्यावर माझ्यासारख्या भांडखोर बाईने करायचं काय? शाळेत फोन केला. ते बिचारे चांगलं बोलले, पण जुनी रजिस्टरं बांधकामामुळे बांधून ठेवलेली, दोन-तीन महिने तरी लागतील म्हणाले. माझ्याकडे उरले होते एकोणीस दिवस. माझं जेवण बंद झालं नाही, पण पानात काय वाढलंय ते कळेनासं झालं होतं.

शेवटी नवऱ्याने मार्ग काढला. लग्नपत्रिका होती, तिच्यावर माझं माहेरचं नाव छापलेलं. तिच्या जोडीला प्रतिज्ञापत्र करायचं, की ही आणि ती एकच बाई. आर. के. पुरमला त्याच्या ऑफिसबाहेर एक टायपिस्ट बसायचा, शेजारी नोटरी. सगळ्या ऑफिसची कामं त्यांच्याकडे. नवऱ्याने तिथे चौकशी केली. टायपिस्ट म्हणाला, मॅडमचं एक आणि लग्नाआधीपासून त्यांना ओळखणाऱ्या घरच्या माणसाचं एक, अशी दोन करा, म्हणजे भक्कम होईल.

मी म्हटलं, मग प्रश्नच मिटला, तुम्ही द्या. तर या गृहस्थांनी चष्मा काढला. मग चष्मा पुसत म्हणाले, "मी लग्नाआधी तुला ओळखत कुठे होतो? रजा मिळाली नव्हती. मी फक्त फोटो बघितला होता. शपथेवर खोटं कसं लिहून देऊ?"

मी कपाळावर हात मारला. पंचवीस वर्षं एका छताखाली काढली आणि या माणसाला मला ओळखायला पुरावा कमी पडतोय! मी तोंडाला येईल ते बोलले. त्याच्या ऑफिसचा, सरकारचा, त्याच्या फायलींचा उद्धार केला. सासूबाई बाल्कनीत मटार सोलत होत्या. ऐंशीला टेकलेल्या, गुडघ्यांनी हैराण, दोन वर्षांत सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलेल्या नव्हत्या. त्यांनी तिथूनच सांगितलं, "मी ओळखत होते. तिला बघायला मी गेले होते ना? मी देते लिहून."

ज्यांनी माझं नाव पुसलं म्हणून मी इतकी वर्षं मनात कुढत होते, त्याच आता ते माझंच होतं असं सांगायला निघाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं निघालो. सासूबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या. लिफ्टमध्ये चपला काढल्या, खाली आल्यावर घातल्या. गाडी पुलावर चढली, एकावर एक रस्ते, त्यावरून मेट्रो, आणि सासूबाई खिडकीला नाक लावून बसलेल्या. हे सगळं कधी झालं रे, म्हणून त्यांनी मुलाला तीनदा विचारलं.

टायपिस्ट लिंबाखाली बसला होता. माझं प्रतिज्ञापत्र झालं, मी सही केली. मी दोन्ही नावं लिहीत होते तेव्हा सासूबाई अगदी वाकून बघत होत्या. मग त्यांची पाळी आली. टायपिस्टने हिंदीत विचारलं, माताजी, या मॅडमचं आधीचं नाव हेच होतं का, तुम्हाला नक्की माहीत आहे का? सासूबाईंची हिंदी वीस वर्षं दिल्लीत राहूनही भाजीवाल्यापुरतीच. त्या ताठ बसल्या.

"नाम इसका यही था. बदला मैंने. इससे पूछा नहीं."

इतकंच. पण मला तिथे स्टुलावर बसल्या जागी रडू फुटलं. टायपिस्ट बिचारा घाबरून पाणी आणायला उठला.

कागद टाइप झाला. सासूबाईंनी पेन धरलं आणि जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत सही केली. खूप वेळ लागला. नोटरीने कागद घेतला, मतदार कार्डाशी ताडून बघितला, पुन्हा बघितला आणि म्हणाला की हे तर दुसऱ्याच कुणाचं नाव आहे. नवऱ्याने कागद हातात घेतला. मीही डोकावले. ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं. नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं तर त्यानेही नाही.

"आई, चुकून लिहिलंस का?"

"चुकून कशाला? माझंच आहे. चौदाव्या वर्षी तांदळात बुजलं, त्यानंतर लिहिलं नव्हतं. हिला लिहिताना बघितलं, म्हटलं आपलंही कुठेतरी एकदा लिहावं."

नवरा तो कागद धरून उभाच राहिला. पन्नाशी ओलांडलेला माणूस. शाळेपासून पेन्शनच्या फॉर्मपर्यंत आईच्या नावाच्या रकान्यात त्याने काय काय भरलं असेल. त्याला आईचं नाव आत्ता कळत होतं, रस्त्याकडेला, एका वाया गेलेल्या स्टॅम्पपेपरवर. मी सगळीकडे चुकीचं लिहिलं का गं, असं त्याने हळूच विचारलं. नाही रे, तेही माझंच, म्हणून त्यांनी त्याची समजूत घातली. नवा स्टॅम्पपेपर आणला. त्यावर त्यांनी मतदार कार्डावरच्यासारखी सही केली. नोटरी पहिला कागद फाडणार, तोच नवऱ्याने तो काढून घेतला, नीट घडी घातली आणि वरच्या खिशात ठेवला. रद्द झालेला कागद त्याने जपून ठेवल्याचं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

कागद कंपनीला पाठवले आणि अकराव्या दिवशी अकाउंट परत मिळालं. कुणी माफी मागितली नाही की दोन शब्द लिहिले नाहीत. चौकट गेली आणि माझं घर होतं तसं पुढे आलं. मी आधी एका जुन्या लेखाच्या खाली गेले. वडील तिथे होते. माझं नाव, स्वल्पविराम, वाचलं. मी वही घेतली आणि एकेक ओळ हाताने उतरवायला बसले.

सासूबाई शेजारी येऊन बसल्या आणि काय लिहिते आहेस ते मोठ्याने वाच म्हणाल्या. मी वाचत गेले. प्रत्येक वेळी आधी माझं नाव यायचं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तुला हाक मारणारा माणूस निदान लिहून तरी गेला. मला त्या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही. तू मार बघू एकदा."

मी म्हटलं, आई, तुम्हाला नावाने कशी हाक मारू? माझी जीभच वळेना. त्या म्हणाल्या, मार गं, इथे कोण ऐकतंय. मी वही बाजूला ठेवली, घसा साफ केला आणि त्यांना नुसत्या नावाने हाक मारली, आमच्या गावी पोरी एकमेकींना खेळायला बोलावतात तशी.

"ओ," त्या म्हणाल्या, आणि कोण आलंय ते बघायला त्यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, दाराकडे.