भरतीत अडकलेली सोयरीक

मुलीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांना पहिल्याच भेटीत समुद्रात अडकवून ठेवणारा माणूस आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत मी एकटाच आहे. बाकीच्यांनी अशा वेळी पोहे केले.

दोष माझ्या निवृत्तीचा. निवृत्त झाल्यावर कोणी भजनी मंडळात जातं, कोणी सोसायटीच्या कमिटीत शिरतं. मी डोंगरात शिरलो. नोकरीत असताना लिफ्ट बंद पडली की रजा टाकावी असं वाटणारा मी, रोज सकाळी पारसिकची टेकडी चढायला लागलो. मग कर्नाळा झाला, माथेरानच्या आजूबाजूच्या आडवाटा झाल्या. डोंगर पुरेनात तेव्हा बेटं सुरू केली. हिवाळ्यात आमच्या निवृत्त मित्रांच्या टोळक्याबरोबर अंदमानला जाऊन आलो आणि तिथून परतलो तो दर्यावर्दी होऊनच. टोपी, काठी, अंगभर खिसे असलेलं जाकीट. (कुठल्या खिशात काय आहे ते मला अजून माहीत नाही.)

"या वयात माणूस नव्यानं जगायला शिकतो," असं मी सगळ्यांना सांगायचो.

"आणि दिवसभर घराबाहेर राहतो. मला तेवढंच पुरे," असं माझी बायको वंदना सांगायची.

तर आमच्या सईनं ऑफिसातला ओंकार पसंत केला होता. ओंकारचे आईवडील, पाटणकर पती-पत्नी, मूळ कराडचे, तिथेच राहणारे. ते आम्हाला भेटायला म्हणून येणार होते. शनिवारी ऐरोलीत भावाकडे उतरणार आणि रविवारी रात्री वाशीच्या हॉटेलात आम्ही सगळे एकत्र जेवणार, असं ठरलं. सईनं मला दोन दिवस आधी समोर बसवलं.

"बाबा, ओंकारचे वडील जरा कडक आहेत. अजून पूर्ण हो म्हणालेले नाहीत. तुम्ही फक्त जेवा आणि हसा. डोंगर नको, बेटं नकोत."

मी मान हलवली. पण मला सांगा, पाहुणे पहिल्यांदाच इकडे येतात आणि रविवारचा आख्खा दिवस मोकळा. त्यांनी काय करायचं? मॉलमधल्या सरकत्या जिन्यावरून वर-खाली करायचं? मी पाटणकरांना परस्पर फोन लावला. "सकाळी लवकर निघू. अलिबागच्या पुढे एक झकास बेट आहे. ओहोटीला चालत जाता येतं. दुपारपर्यंत परत."

पाटणकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. "तुम्ही म्हणता तर येतो," म्हणाले. त्या 'तर'मध्ये काय होतं ते कळायची अक्कल मला तेव्हा नव्हती.

बेटाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथले लोक मला अजून ओळखतात. किनाऱ्यावरून पाहिलं तर समोर पडका किल्ला, आत एक देऊळ, आणि मधली वाट घोट्याएवढ्या पाण्याची. मी मोबाईल काढला, त्यावरचं भरती-ओहोटीचं ॲप पाहिलं आणि जाहीर केलं, "भरती थेट संध्याकाळी. निवांत चला."

पाटणकरांच्या पायात नवे कोरे बूट होते. ते भिजतील म्हणून आम्ही चौघांनी पायताणं वाळूतल्या एका मोठ्या खडकावर ठेवली आणि अनवाणी निघालो. पाटणकरवहिनींनी साडी थोडी वर खोचली आणि देवाचं नाव घेत पाण्यात पाय टाकला. समुद्रात उतरण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. बरंच नंतर.

किल्ल्यात मी रंगात आलो. हा बुरूज, ही तोफ, हे गोड्या पाण्याचं टाकं. जे माहीत नव्हतं तेही सांगितलं. पाटणकर हाताची घडी घालून ऐकत होते. तेवढ्यात किनाऱ्यावरून एक माणूस आमच्याकडे बघून जोरजोरात हात हलवताना दिसला.

"बघा, इथली माणसं किती प्रेमळ," मी म्हणालो, आणि हात हलवला. माझं बघून वंदनानं हलवला, वहिनींनी हलवला. शेवटी पाटणकरांनीही अर्धा हात वर केला. तो माणूस दोन्ही हात हलवायला लागला. आम्हीही दोन्ही.

देवळात दर्शन घेऊन, वहिनींनी आणलेले धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन आम्ही दरवाजाशी परत आलो, तर वाट नव्हती. जिथून चालत आलो तिथे समुद्र होता. चांगला कमरेच्या वरचा, फेसाळणारा, आणि वाढणारा.

"अहो," वंदना म्हणाली, "भरती संध्याकाळी ना?"

मी पुन्हा ॲप उघडलं. भरती संध्याकाळीच होती. मग ठिकाणाचं नाव वाचलं. पोर्ट ब्लेअर. अंदमानहून आल्यावर मी ते बदललंच नव्हतं.

हे मी हळू आवाजात सांगितलं. पाटणकरांनी पाण्याकडे पाहिलं. "आयुष्य पाणी अडवण्यात गेलं," ते म्हणाले. "पाण्यानं मला अडवलं, ते आज."

आणि नेमक्या त्या वेळी वहिनींनी बोट दाखवलं. खडक बुडाला होता आणि आमची चपला-बुटांची वरात समुद्राला निघाली होती. सगळ्यात पुढे पाटणकरांचा डावा बूट.

आता माझ्यातला साहसवीर जागा झाला. मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून मी बुरुजावर चढायचं ठरवलं. वंदना म्हणाली, "खाली बसा." मी चढलो. वर रेंज होती की नाही ते मला आजही माहीत नाही, कारण वरपर्यंत पोचलोच नाही. मधल्या दगडावरून पाय सटकला, घसरत खाली आलो आणि पँटची शिवण मागून पार कंबरेपर्यंत उसवली. होणाऱ्या व्याह्यांसमोर. मी पाठ तटबंदीला लावून उभा राहिलो आणि तसाच राहिलो.

तिथून वंदनाचं जे सुरू झालं, ते तीस-पस्तीस वर्षांचं साठलेलं होतं. हनिमूनला चुकीच्या गाडीत बसवलं होतं तिथपासून. पाहुण्यांसमोर बोलू नये हे ती विसरली, आणि पाहुण्यांसमोर उलट बोलू नये हे मी विसरलो. "नकाशा तुझ्या हातात होता," मी म्हणालो. "उलटा धरायला तुम्हीच सांगितला होतात," ती म्हणाली. मग मी हरलो. नेहमी तिथेच हरतो.

वहिनींनी शांतपणे ब्लाऊजच्या पिना काढून वंदनाच्या हातात दिल्या. "आमच्या ह्यांनी मला एकदा धरणाच्या भिंतीवर सोडून जीप नेली होती," त्या म्हणाल्या. "बायको मागं राहिली, हे घरी पोचल्यावर आठवलं." पाटणकर एकदम समुद्राकडे बघायला लागले. त्या दोघी माझी पँट टाचता टाचता एका दगडावर बसल्या आणि त्यानंतर त्यांना आमची गरज उरली नाही.

तेवढ्यात वंदनाचा फोन वाजला. (तिच्या फोनला पहिल्यापासून रेंज होती. मी विचारलंच नव्हतं.) सई होती.

"आई, कुठे आहात? किती वेळ बाबांना फोन लावतेय."

"तुझ्या बाबांनी आम्हाला बेटावर आणलंय. समुद्र परत जाऊ देत नाहीये."

पलीकडून सईचा बारीक आवाज. "ओंकारच्या आईबाबांना पोहता येतं?"

"हॉटेलचं टेबल उद्यावर ढकल," वंदना म्हणाली, आणि फोन ठेवला.

मला खरंच वाईट वाटलं. पोरीनं एवढीच एक गोष्ट मागितली होती, की बाबा, गप्प बसा. मी पाटणकरांजवळ जाऊन बसलो. जपून बसलो, पिना होत्या. "साहेब, चूक माझी आहे. याचा राग सईवर काढू नका. ती माझ्यासारखी नाही, आईवर गेलीय."

पाटणकर लाटांकडे बघत म्हणाले, "खरं सांगू का? मी नाही म्हणायच्या बेतानंच आलो होतो. मुंबईकडची माणसं तोंडावर गोड बोलतात, पोटातलं कळत नाही. आज रात्री हॉटेलात भेटलो असतो तर तुम्ही गोड बोलला असता, आम्हीपण बोललो असतो, आणि काही कळलं नसतं. इथं तासाभरात तुमच्या घरातलं सगळं बाहेर आलं."

"सगळं नाही," मी म्हणालो.

"पुरेसं आलं," ते म्हणाले. "घरात वंदनावहिनींचं चालतं, हे बघितलं. आमच्या ओंकारला तसंच कोणीतरी पाहिजे. तो पण नकाशा बघत नाही." आणि मग, त्या दिवसात पहिल्यांदा, ते हसले. "शिवाय ह्या वयात मला परत एकदा अनवाणी खेळवलंत. ते कोण करतं?"

भरती पूर्ण भरल्यावर किनाऱ्यावरचा तो प्रेमळ माणूस होडी घेऊन आला. त्याआधी खडकांवरून होडी घालता येत नव्हती. आम्हाला हात देऊन चढवताना म्हणाला, "कवापासून हात हालवतंय, परत या म्हनून. तुमी आपले टाटा करताय."

होडीत बसता बसता वहिनींना हसू फुटलं, आणि ते किनारा येईपर्यंत थांबलं नाही. ऊन कलायला लागलं होतं. चौघं अनवाणी, वाळूनं माखलेले, मी मागून टाचलेला. पण तेवढं समाधान मला अंदमानातही मिळालं नव्हतं. बाजारातून चार जोड रबरी चपला घेतल्या आणि घरी आलो. सई दारातच उभी होती. तिनं आमच्या पायांकडे पाहिलं, सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि रडायचं की हसायचं हे ठरवत होती, तोवर पाटणकर म्हणाले, "सूनबाई, आधी चहा टाक." ती स्वयंपाकघरात पळाली.

साखरपुडा कराडला झाला. हॉल पाहुण्यांनी भरलेला. पाटणकर मला दंडाला धरून एकेका नातेवाइकापुढे नेत होते आणि प्रत्येकाला तेच सांगत होते.

"हे आमचे व्याही. मोठे प्रवासी आहेत. यांच्याबरोबर कुठंही बिनधास्त जावा. फक्त परत यायचं असेल, तर वंदनावहिनींना बरोबर घ्या."