महापरसादाचं नाव

दर रविवारी अंजू आपल्या आजोबांना गाडीत बसवून गोंदियाबाहेर पडे. ती बँकेत नोकरीला. नवी गाडी, नवा हुरूप. कुठे जुनं देऊळ दिसलं, कुठे गावाची काही वेगळी रीत ऐकली की उतरायचं, चार माणसांना विचारायचं, फोटो काढायचे. आजोबा, म्हणजे उदाराम, शेजारी निमूट बसत. सारा जन्म राइस मिलमध्ये गेलेला माणूस. नागऱ्याच्या देवळातही त्यांनी आधी बसायला सावली शोधली होती.

त्या रविवारी मात्र ते आपणहून बोलले. "सालेकशाकडं घे. माह्या महापरसादाले भेटाचं आहे."

मग वाटेत त्यांनी सांगितलं. दोन मित्रांनी जगन्नाथपुरीचा प्रसाद एकमेकांच्या तोंडात घातला की ते भावापेक्षा जवळचे होतात. त्या दिवसापासून नाव घ्यायचं नाही. 'महापरसाद' एवढीच हाक. अंजू ऐकतच राहिली. इतके रविवार ती गावोगाव हिंडली, आणि ही रीत तिच्या शेजारच्या सीटवर बसून होती.

"मग शोधायचं कसं, आबाजी?"

"गाव ठाऊक आहे ना."

गाव सापडलं, पण ओळखू येईना. जुन्या बोळांच्या जागी सिमेंटचा रस्ता आणि दुकानं. एका किराणा दुकानात निर्मलाबाई बसल्या होत्या.

"कोनाकडं जाचं आहे?"

"माह्या महापरसादाकडं."

"त्यायले नाव नाही का?"

"आहे. चांगलं आहे."

बाकड्यावरची माणसं हसली. निर्मलाबाईंनाही मजा वाटली. "दिसाले कसे?"

"मंडईच्या जत्रेत दंडारीचा नाच-खेळ राहे, तवा लुगडं नेसून बाई होऊन नाचे."

"अगा बाबा, या गावचे अर्धे बुढे तवा बायाच होते!"

अंजूने तोड काढली. "आबाजी, हे लोक नावं घेतील. तुम्ही नुसती मान हलवा."

"मान हलवली म्हंजे घेतलंच ना व!" बाकड्यावरचे नावं घ्यायला लागले, तसे उदारामांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

"राहू द्या रे," निर्मलाबाई म्हणाल्या. "बाबूजी, तुमचं तरी नाव सांगा."

"उदाराम."

कोणीच ते ऐकलेलं नव्हतं. ऐकणार कसं? तिकडच्या मित्राच्या तोंडीही 'महापरसाद' एवढंच. निर्मलाबाईंचं हसू थांबलं. "तुमी गोंदियाचे मिलवाले महापरसाद तर नाही?"

"तोच."

"रुख्माकाकीचा बुढा लय सांगे तुमचं." त्या उठून दुकानाबाहेर आल्या. "मागच्या उन्हाळ्यात गेले ते."

उदारामांनी फक्त घर कोणतं ते विचारलं.

रुख्माबाई अंगणात चिंचा फोडत होत्या. निर्मलाबाईंनी पाहुणा कोण ते सांगताच त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि महापरसादाला घालायचा रामराम घातला. "सीताराम, महापरसाद."

"सीताराम. निरोप काऊन नाही देल्ला?"

"कोनाच्या नावानं देऊ? आमच्या पोरानं गोंदियाच्या साऱ्या मिला पालथ्या घातल्या. मिलवाला महापरसाद कोन, म्हून पुसे. लोक हसत."

उदाराम खाटेवर बसले. घरातून पाणी आलं, ते त्यांनी घेतलं नाही. "माहे केस राहिले ना मंग," ते म्हणाले. महापरसाद गेला की दहाव्याला त्याच्या पोरांसोबत यानंही डोकं भादरायचं असतं.

"आता कायले? वर्षश्राद्ध झालं."

"तुमचं झालं. मले आज समजलं."

रुख्माबाईंनी पुढे वाद घातला नाही. चौकातला न्हावी बोलावला. उदाराम टोपी काढून अंगणात उकिडवे बसले. पांढरे केस भिजले आणि वस्तरा चालू लागला. अंजू दाराशी उभी होती. हे बघायचं की आत जायचं, ते तिला कळेना.

"पोरी, उभी नको राहू," रुख्माबाईंनी तिच्या हातात गुंड दिला. "बोरिंगवरून पानी आन. आंग धुतल्याबिगर त्यायले जेवाले वाढता येत नाही."

अंजू गुंड घेऊन बोरिंगवर गेली आणि दांडा मारू लागली.