रहेमानभाईंच्या साबणातला चुना

ग्लासातून फेस वर आला आणि सॅनिटरी इन्स्पेक्टरच्या टेबलावर सांडला. शिपायानं माठातलं स्वच्छ पाणी भरून दिलं होतं. साहेबांनी त्यात साबणाचा तुकडा घोळला, इतकंच.

"साबण तर चांगला आहे," ते म्हणाले. "मग तुमच्या बातमीचं काय?"

बातमी माझीच होती. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. नागपूरच्या एका दैनिकाचा मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा वार्ताहर होतो. मथळा होता, 'धुण्याच्या साबणात चुन्याची भेसळ?' शेवटचं प्रश्नचिन्ह उपसंपादकाचं. पुरावा कमी असला की ते लावतात. वाचणारा ते वाचत नाही.

साबण रहेमानभाईंचा. सरकीचं तेल आणि कॉस्टिक सोडा कढईत शिजवून ते पिवळ्या वड्या पाडत. स्वस्त म्हणून सगळं गाव तोच वापरी. तक्रार मात्र फक्त आमच्या नव्या पेठेची होती. फेस येत नाही, बादलीत दह्यासारखा पांढरा साका धरतो, लुगडी वाळली की पापडासारखी कडक होतात. जुन्या वस्तीत तोच साबण भरपूर फेस देई. पेठेनं अर्थ काढला, की आपल्यासारख्या नोकरदारांना हा माणूस वेगळा माल विकतो. पहिली तक्रार माझ्या पत्नीची, कमलची होती. घरचा साक्षीदार म्हणून मी जास्त चौकशी केली नाही.

आता सोमवारच्या नगरपालिका कमिटीत रहेमानभाईंचा परवाना रद्द करण्याचा ठराव होता. कढई बंद झाली तर त्यांना दुसरा धंदा नव्हता.

ग्लासातल्या फेसानं त्यांची सुटका व्हायला हवी होती. उलट झालं. "तपासणीला चांगली वडी दिली असेल," साहेब म्हणाले. मी माझ्या घरातली अर्धी झिजलेली वडी आणून दिली. तिलाही फेस आला. साहेबांनी ती नाकाशी धरली, उजेडात पाहिली आणि परत केली. "मले काही समजून नाही राह्यलं," ते वऱ्हाडीवर आले. एरवी ते कचेरीत शुद्ध बोलत.

शनिवारी रहेमानभाई घरी आले. बसले नाहीत.

"बाबूजी, तुमी छापलं. आता तुमीच सांगा, मी चुना कायले टाकू? चुन्यानं साबण बनते का बिघडते?"

"बिघडतो."

"मंग मी येडा हाओ काय?"

मी कमलला म्हटलं, जरा स्वच्छ पाणी आण. तिनं पितळी गडू आणला. मी वडी घोळली. फेस आला. कमल मधेच बोलली.

"अहो, हे काय करून राह्यले तुमी? हे पिण्याचं पाणी हाये."

"मग?"

"पिण्याच्या पाण्यात कोणी लुगडी धुते काय? धुणं नळाच्या पाण्यात होते."

पेठेत नळ येऊन दोन महिने झाले होते. त्यासाठी लोकांनी तीन वर्षं अर्ज केले होते, त्यामुळे नळावर संशय घ्यायला कोणी तयार नव्हतं. पण त्या पाण्याचा चहा कोणाला आवडेना. म्हणून पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी प्रत्येक घर अजूनही जुन्या वस्तीतल्या गोड्या विहिरीवरून आणत होतं. नगरपालिकेचा माठही तिथूनच भरला जाई. तपासणी म्हटलं की आम्ही सगळ्यात चांगलं पाणी घेत होतो. तक्रार दुसऱ्या पाण्याची होती.

मी नळाची बादली आणली. वडी घासली, बराच वेळ घासली. फेस नाही. पांढरा साका तरंगला.

"तुमच्या बंबात पाहा," रहेमानभाई म्हणाले. बंबाच्या आत बोट फिरवलं. पांढरट खरखरीत थर होता.

पाणीपुरवठ्याच्या ओव्हरसियरनं नंतर समजावून सांगितलं. पेठेच्या नळाला जोडलेल्या नव्या विहिरीचं पाणी चुनखडीच्या थरातून येतं. याला हार्ड वॉटर म्हणतात. साबण आधी पाण्यातल्या चुन्याशी जुळतो, त्याचा साका होतो; चुना संपला तरच फेस येतो. म्हणजे माझ्या बातमीतला चुना खरा होता. तो साबणात नव्हता.

सोमवारी साहेबांनी कमिटीसमोर दोन बादल्या ठेवल्या. ठराव मागे घेतला गेला. पाणी बदलता येत नाही, असंही त्याच बैठकीत ठरलं. रहेमानभाई तेव्हापासून वडीबरोबर धुण्याच्या सोड्याची पुडी देऊ लागले. सोड्यानं चुना खाली बसतो. पेठेतली निम्मी गिऱ्हाइकं परत आली. उरलेली म्हणत, काहीतरी असल्याशिवाय पेपरात येत नाही.

मी सविस्तर खुलासा पाठवला. तो चौथ्या पानावर, बाजारभावांच्या खाली, तीन ओळींत आला. रहेमानभाईंनी अंक डोळ्यांजवळ धरून वाचला.

"बाबूजी, बदनामी केवढाल्या अक्षरात, अन् माफी मुंगीएवढी," ते म्हणाले आणि मला सोड्याची एक पुडी दिली.

त्यानंतर कोणत्याही वस्तूविषयी तक्रार आली की मी ती माझ्या टेबलावर मागवली नाही. तक्रार करणाऱ्याच्या मोरीत जाऊन, त्याच्याच बादलीत पाहिली.