कुकरची शिट्टी
बाबा जाऊन वर्ष झालं, तरी आईचं मनगट अजून पूर्ण वळत नाही.

बाबा धाटावच्या केमिकल कंपनीत होते. निवृत्तीनंतर त्यांना स्मृतिभ्रंश झाला आणि हळूहळू ते आईलाही ओळखेनासे झाले. एका सकाळी रोह्याच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तसे ते किंचाळले, "गॅस सुटला! पळा!"

"काय नाय झालं, भात शिजतोय," आई म्हणाली.

त्यांनी तिच्या कानाखाली मारली, मनगट पिरगळून तिला अंगणात फरफटत आणलं. मी आडवा आलो तर मलाही भिंतीवर आपटलं.

"बाई, तुम्ही वाचलात," ते धापा टाकत तिला म्हणाले. "माझी बायको आत राहिलीय."

आणि तिच्या नावाने ओरडत ते परत घरात धावले. मोडलेला हात छातीशी धरून आई रडत म्हणाली, "अहो, मी हितंच हाय!"