भिंत गेली, दार राहिलं

नवस आणि किस्से यांचं एकच असतं. वेळच्या वेळी फेडले नाहीत, की साठत जातात. माझ्याकडे दोन्हींचा साठा बरा आहे!

महाराष्ट्र नवा होता, तेव्हाची गोष्ट. आमचे हे तालुक्याच्या एका हापिसात क्लार्क होते. स्वभाव मवाळ. कोणीही यायचं, यांच्या टेबलावर पिशवी ठेवायचं, एखादा तर टेबलावरच बसायचा. हेडक्लार्कला मात्र वेगळी खोली होती. मी देवीला नवस बोलले, "यांना ती खोली मिळू दे. साहेबसुद्धा विचारून आत येऊ देत. तोवर सीताफळ तोंडाला लावणार नाही."

मोताळ्याकडची सीताफळं ज्यानं खाल्लीत, त्यालाच कळेल मी काय सोडलं ते.

शेजारच्या गोदाकाकूंनी कपाळावर हात मारला. "बाई, खोलीपुरतं ठीक होतं. साहेबाले काऊन मधात घेतलं?"

*

तिसऱ्या वर्षी हे हेडक्लार्क झाले. सोमवारी खोलीत बसले. मंगळवारी गवंडी आले!

नवे साहेब पुण्याकडचे, उमदे. म्हणाले, "लोकांचं राज्य आलंय. मधे भिंती कशाला? सगळे एका हॉलमध्ये बसू, मीसुद्धा."

भिंती पडल्या. यांच्या खोलीच्या चौकटीपाशी गवंडी थांबला. "साहेब, हिच्यावर तुळई टेकली हाय. चौकट काढली तं छत तुमच्या डोक्यावर."

तेव्हा चौकट राहिली, चौकटीत दारही राहिलं. दोन्ही बाजूंना मोकळं मैदान, मधे दार उभं! त्याच्यामागे आमचे हे.

मी देवीपुढे बसले. एका दिवसाची खोली धरायची का? पण साहेब काही विचारून आत आले नव्हते. सीताफळ राहिलंच.

*

यांचा डबा न्यायला शेषराव शिपाई यायचा. डबा भरून जायचा, आणि परत येताना किस्से भरून यायचा.

पहिल्याच दिवशी साहेबांनी हाक मारली, "शेषराव!" शेषराव चार हातांवर स्टुलावर बसलेला. हलला नाही. साहेबांनी पुन्हा हाक मारली.

"घंटी तं वाजवा साहेब! विनाघंटीचा उठलो तं लोक काय म्हणतीन?"

साहेबांनी घंटी वाजवली. शेषराव उठला, दोन पावलं टाकली आणि अदबीनं म्हणाला, "बोलावलं जी?"

*

यांचा सोमवारचा उपास असतो. आधी बाकीचे भिंतीपलीकडच्या खोलीत जाऊन जेवत. आता सगळे समोरासमोर. उपाशी माणसापुढे भाकरी कशी मोडणार? पहिल्या सोमवारी टायपिस्ट वानखडेनं डबा बांधून ठेवला. श्रावण आला तोवर अख्खं हापीस सोमवार धरू लागलं. शेवटी साहेबही!

त्यांनी यांना हळूच विचारलं, "हेडक्लार्क, हे किती सोमवार चालतं?"

"सोळा, साहेब."

साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत होते म्हणे.

पुढच्या सोमवारपासून मी साबुदाण्याची उसळ मोठ्या डब्यात पाठवू लागले. भिंतीनं अडवलेलं पुण्य घरोघरी पोचत होतं. आपण मागे का राहावं?

*

एकदा साहेब वानखडेवर चिडले. "हे टायपिंग आहे की मुंग्यांची रांग?"

बाकावर कामासाठी आलेले एक म्हातारबुवा होते. ते उठले. "साहेब, चारचौघात असं बोलू नये. मी सकाळपासून पाहून राह्यलो, पोरगं मान वर नाही करत!"

बाकावरचे बाकीचेही म्हणाले, "हाव, खरं हाय!"

त्या दिवसापासून साहेब कोणाला बोलायचं झालं, की आवाज खाली आणायचे. आणि साहेबांचा आवाज खाली आला, की वानखडेचा टाईपरायटर थांबायचा. नीट ऐकू यावं म्हणून!

*

दाराची सवय मात्र सुटली नाही. कोणाला खासगी बोलायचं असलं, की ते यांच्याकडे यायचे आणि आत आल्यावर दार लावायचे. बाजूनं म्हैस जाईल एवढी जागा, पण दार लावायचेच. शेषराव बाहेर पहारा द्यायचा.

एकजण त्याला म्हणाला, "जाऊ दे ना बे. हेडक्लार्क दिसून तं राह्यले समोर!"

"दिसू दे ना! दार लावेल हाय का नाही?"

"हाय."

"मंग थांब!"

*

दिवाळीच्या आधी शेषराव रजेवर गेला, म्हणून डबा घेऊन मीच गेले. बाजारात सीताफळांचे ढीग लागले होते. मी खाली बघत चालले.

हॉलमध्ये शिरले, तर साहेब आपल्या टेबलावरून उठत होते. चेहरा उतरलेला, हातात एक उघडलेलं पत्र. यांच्या दिशेनं निघाले. दार लावलेलं होतं. पहाऱ्याला कोणी नव्हतं. बाजूनं दोन पावलांत पोचले असते.

साहेब दारासमोर थांबले. बोटानं टकटक केली.

"आत येऊ का?"

यांनी आधी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "या, साहेब."

साहेब आत गेले, मागे दार लावून स्टुलावर बसले आणि अगदी खाली आवाजात बोलू लागले. सगळा हॉल खिडकीकडे तोंड करून बसला. बाकावरच्या माणसांनी बाक फिरवला. आणि वानखडे! त्यानं कागद न लावताच टाईपरायटर असा काही बडवायला घेतला, की मला माझ्या बांगड्या ऐकू येईनात.

डबा कोपऱ्यात ठेवून मी घरी आले.

संध्याकाळी हे पाच सीताफळं घेऊन आले. पहिलं देवीपुढे ठेवलं, दुसरं गोदाकाकूंना दिलं. तिसरं मी फोडलं आणि बिया संपेपर्यंत कोणाशी बोलले नाही.

साहेब आत काय बोलले, ते यांनी आजवर सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.